कोठारातला बुधला

हाउकिवारा
३ जून १९८८

प्रिय ओइवा,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. तुम्ही सगळे खुशाल आहात हे वाचून जीव शांत झाला. इथे मी ठीक. यंदा बर्फ उशिरा वितळला, बटाटे आत्ता कुठे लावून झाले. गुडघा कुरकुरतो, पण आता पन्नाशीत तो काय गाणी म्हणणार?

मध्यउन्हाळ्याच्या सणाला लेकीला, लीसाला, घेऊन येतो म्हणतोस. "बाबा आता नाहीत, तेव्हा यायला माझी हरकत नाही," हे तुझं वाक्य मी चारदा वाचलं. आनंद झाला का विचारशील, तर झाला. पण तू येण्याआधी दोन कामं उरकायला हवीत. त्यातलं एक काल झालं. दुसरं हे पत्र आहे.

कालचं काम आधी सांगते, ते सोपं आहे.

कोठारात कोपऱ्यात वेताच्या टोपलीतला तो काचेचा बुधला अजून होता. मुरघासाच्या ओल्या चाऱ्यावर टाकायचं ॲसिड. त्या उन्हाळ्यानंतर बाबांनी मुरघास कधी केला नाही, आयुष्यभर गाईंना सुकं गवत घातलं आणि गावाची टिंगल ऐकून घेतली. बुधला मात्र तसाच ठेवला, वर पोतं टाकून. एप्रिलमध्ये मी पोतं उचललं, तर टोपलीचा तळ काळा पडून भुसभुशीत झाला होता. थंडीने काचेला तडा गेलाय आणि थेंब थेंब झिरपतंय. ओइवा, मी दार लावून घेतलं ते आठवडाभर उघडलं नाही. लीसा नऊ वर्षांची आहे. त्या वयाची मुलं पहिल्यांदा कुठे शिरतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

नगरपालिकेच्या गाडीवाल्याने फोनवरच हात वर केले, गळका बुधला गाडीत चढवणार नाही म्हणाला. शेवटी शाळेत रसायन शिकवतात त्या पेसोनेन बाई आल्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "सायमीबाई, हा हलवायचा नाही. तळ टोपलीत राहील आणि बाकी सगळं तुमच्या पायावर. आहे तिथेच, दारं सताड उघडी टाकून संपवू."

दोघींनी चष्मे, रबरी हातमोजे, लांब एप्रन चढवले. मी म्हटलं, आपण मासे साफ करायला निघाल्यासारख्या दिसतोय. त्या हसल्या नाहीत. मोठ्या प्लास्टिकच्या टबात आधी गार पाणी. मग बुधल्यातून छोट्या हातपंपाने काढलेलं ॲसिड, कपभरच, बारीक धारेने त्या पाण्यात. मग थांबायचं. टब कोमट लागला तर आणखी थांबायचं. गार झालं की चुनखडीची पूड, चमच्याचमच्याने. फसफस उठते, ती बसू द्यायची, आणि मग कागदाची पट्टी बुडवायची. पट्टी लाल झाली की पुन्हा पूड. "ॲसिड पाण्यात. पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही," असं बाई दर वेळी म्हणत होत्या. सकाळी आठला सुरू केलं, दुपारचे तीन वाजले.

आता मधलं सांगते. ते टाळून इथवर आले.

अंगावर उडालंच तर धुवायला हाताशी पाणी हवं, म्हणून मी सौनातली लाकडी बादली भरून आणली होती, लांब दांड्याच्या डावासकट. बाई पट्टी बघायला वळल्या. फरशीवर काढून ठेवलेल्या ॲसिडचा जग होता, आणि गार हवेत त्यातून पांढरा धूर वर चढत होता. काय झालं मला कळलं नाही. माझ्या हातात डाव होता. भरलेला. मनगट वळलं होतं, सौनात वाफेसाठी तापल्या दगडांवर पाणी भिरकावताना वळतं तसं.

"डाव खाली! सायमीबाई, डाव खाली ठेवा!"

मी ठेवला. मग तिथेच फरशीवर बसले. बाईंनी विचारलं, हे असं कुणी शिकवलं? मी म्हटलं, आपल्याकडे चालायला लागलेलं पोरही हेच शिकतं. पुढचं त्यांना सांगितलं नाही. ते आधी तुला कळायला हवं.

एकोणपन्नास सालच्या जुलैत बाबांनी पाणी ओतलं नाही, ओइवा. मी ओतलं. बाबा पाण्याचा टब भरायला विहिरीवर गेले होते. अंगणात ॲसिडच्या मातीच्या भांड्यातून धूर येत होता, तू वाकून बघत होतास आणि म्हणालास, "सायमी, बघ, सौना तापलाय! टाक!" मी अकरा वर्षांची होते. हसत हसत डाव भरला आणि टाकला. ॲसिड उसळून तुझ्या डोळ्यात गेलं.

बाबा धावत आले. तुला उचलून विहिरीकडे नेलं, डोळ्यावर बादल्यांमागून बादल्या ओतल्या. मग परत येऊन माझ्या हातातला डाव काढून घेतला. म्हणाले, "तू घरात होतीस. समजलं?" डॉक्टरांना, आईला, तुला, सगळ्यांना त्यांनी सांगितलं की पाणी त्यांनीच ओतलं. आणि मी घरात राहिले. तू अठराव्या वर्षी स्वीडनला निघून गेलास, तेव्हा राहिले. आईच्या मातीला येऊन तू बाबांचा हात न धरता फाटकाबाहेर उभा होतास, तेव्हाही राहिले. मला भीती वाटत होती. बाबांची नाही, तुझी. जानेवारीत त्यांनी शेवटचं काय म्हटलं माहीत आहे? "बुधल्याचं बघ. पोरगा कधीतरी येईल."

टबातला पांढरा गाळ पिंपात भरलाय, शेवटची पट्टी लाल झाली नाही. तेवढं गाडीवाला पुढच्या शुक्रवारी नेणार आहे. कोठारात आता भिण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्या दिवसापासून मी सौनात दगडांवर पाणी टाकलेलं नाही. तू चिडवायचास, सायमीला वाफ सोसत नाही म्हणून. सणाला मी सौना तापवून ठेवीन. आलास तर डाव तुझ्या हातात देईन. माझ्याकडे यावंसं वाटलं नाही, तरी चर्चमागे बाबांकडे एकदा जाऊन ये. त्यांनी तुझं काही वाईट केलेलं नव्हतं.

घरात नाही, अंगणात होती ती तुझी बहीण,
सायमी