साबणाच्या कारखान्याची कौलं

तीर्थस्वरूप ताईंना,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का, की अजून पाहुणे आल्यावरच येतो? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल हा शब्द मी एकदा वर बघून, खात्री करून मगच लिहिला आहे.

आमच्या घरावरचे पत्रे तुम्हाला आठवत असतील. ते पार गंजले होते. दुपारी घराची भट्टी व्हायची आणि आई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायच्या. पत्रे काढायला हवेत यावर घरात कधी नव्हे ते एकमत झालं (आमच्या घरात एकमत झालं की मी आधी पैशांचा डबा मोजून ठेवते). त्याच आठवड्यात तुमचे बंधू घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून नेमके साबणाच्या जुन्या कारखान्यावरून घरी आले. तिथे पाडापाडी चालली होती आणि उतरवलेली कौलं भिंतीशी रचून ठेवली होती. यांनी एक उचललं, बोटाच्या पेरानं वाजवलं, कानाशी धरलं आणि तिथेच त्यांचा जीव जडला. घरी आल्यावर म्हणाले, "अगं, घंटेसारखं वाजतं. नव्या कौलाला हा आवाज नाही."

मी विचारलं, "आपल्याला छप्पर हवंय की घंटा?"

त्यावर ते नुसते हसले. असे हसले की पुढचं बोलणं व्यर्थ असतं, हे तुम्ही बहीण म्हणून जाणताच.

कौलं आली. अंगण भरलं, जिना भरला, मग माझ्या ओट्याखाली आली. तुमचे बंधू डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून एकेक कौल तपासायला बसले. कौल टणकन वाजलं तर छपराला, थप्प वाजलं तर कुंपणाशी. शेवाळ काढायला दात घासायचा ब्रश घेतला (माझा. मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं). दुकानात लोकांची घड्याळं बंद पडून होती आणि हे घरी मातीचे ठोके ऐकत होते. एक गिऱ्हाईक चिडून घरी आलं, तर त्याच्याही हातात कौल देऊन म्हणाले, "वाजवून बघा." तो माणूस चहा पिऊन, बरीच कौलं वाजवून, घड्याळ न घेताच गेला.

मग मिस्त्री आला. त्याला काहीही विचारा, "होऊन जाईल" एवढंच म्हणतो. एका सकाळीत त्यानं पत्रे उतरवले, वाशांवर लाकडी रिपा ठोकल्या आणि कौलं लावायला घेतली. तेव्हा कळलं की कौलं दोन साच्यांची आहेत. एक जात बोटभर लांब, दुसरी आखूड, आणि एकीची खाच दुसरीत बसत नाही. कारखान्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेळी शाकारल्या असणार. तुमच्या बंधूंनी सगळी कौलं आवाजावरून निवडली होती, लांबी कुणी बघितलीच नव्हती. मिस्त्री म्हणाला, "निवडून ठेवा, मी येतोच," आणि दुसऱ्याच्या कामावर निघून गेला.

ताई, घराला छप्पर नाही आणि आभाळ भरून आलेलं. आईंना शेजारी न्यायचं ठरवलं, तर त्या म्हणाल्या, "माझी खाट हलायची नाही. मला छत्री द्या." आणि खाटेवर छत्री उघडून पडून राहिल्या. तुमचे बंधू अंगणात उभे. कधी नव्हे ते त्यांचं तोंड उतरलं होतं. मला हळूच म्हणाले, "चुकलं का गं माझं?"

आता या प्रश्नासाठी माझ्याकडे चांगली धारदार उत्तरं तयार होती. आठवडाभर परजत होते. पण त्यांच्या भुवयांवर माती होती आणि सगळी पेरं सोललेली होती, त्यामुळे ती सगळी पुढच्या भांडणासाठी ठेवून दिली. मी पदर खोचला आणि म्हटलं, "लांब माझ्याकडे, आखूड तुमच्याकडे." निवडून झाल्यावर मी मिस्त्रीच्या नव्या कामावर गेले आणि त्याच्या शिडीच्या पायाशी उभी राहिले. तो वरून म्हणाला, "वहिनी, होऊन जाईल." मी म्हटलं, "हो ना. चला." मी काही शिडीपासून हलले नाही. शेवटी त्याला उतरावंच लागलं.

पुढच्या उतारावर लांब कौलं घेतली, मागच्या उताराच्या रिपा काढून जवळजवळ पुन्हा ठोकल्या आणि तिथे आखूड. पण खरं काम केलं ते आईंनी. खाटेवर उताणं पडल्यावर त्यांना प्रत्येक फट दिसत होती. काठी वर करून सांगायच्या, "तिथे उजेड आहे. अजून आहे. आता गेला." मिस्त्रीसारखा मिस्त्री वरून विचारू लागला, "आजी, आता?"

पाऊस आला तेव्हा आम्ही तिघं वर तोंड करून बसलो होतो. एक थेंब आत आला नाही. मी सुस्कारा सोडणार, तेवढ्यात शेजारीण विचारायला आली की तुम्ही छपरावर कपडे धुताय का. बाहेर जाऊन बघते तर पन्हळीतून फेस येतोय, पांढरा, भरघोस. इतकी वर्षं त्या कारखान्यात उडालेली साबणाची भुकटी कौलांनी पोटात साठवली होती. शेजारणीनं चटकन आपली बादली लावली. तुमचे बंधू म्हणाले, "याचा मी विचारच केला नव्हता," पण अशा आवाजात, की जणू सगळं त्यांनीच योजलं होतं. फेस अजून येतो. पायरीवरून एकदा मी घसरले, एकदा मिस्त्री (हिशेबाला आला होता).

असो. तब्येतीला जपा. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. आईंना वर बघायला आता एकही फट उरली नाही, त्यामुळे करमत नाही. त्या तुमच्याकडे यायचं म्हणताहेत. पत्र पोचेल तेव्हा बहुधा दारात असतील. खाट व्हरांड्यात टाका.

ता. क. सोडायला तुमचे बंधू येत आहेत. उरलेली कौलं टेम्पोत आहेत. शिडी लपवू नका, ते स्वतःची आणताहेत.

ता. क. तुमचा व्हरांडा गळतो हे त्यांना कुणी सांगितलं, असं तुम्ही विचाराल. मी सांगितलं. ताई, खोटं कशाला बोलू, दुपारी या कौलांखाली इतकं गार वाटतं की काय सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घर गार आहे आणि मला त्यात एकटीला झोपायचं आहे. दोघांना निदान महिनाभर ठेवून घ्या. व्हरांडा लवकर होत आला, तर लांब-आखूड कौलं थोडी मिसळून टाका.