ठिबकच्या पुस्तिकेचं पारायण

जळगाव,
१७ मे १९९१

तीर्थस्वरूप नानांना पुतण्या भिकनचा वाकून नमस्कार.

आपला गुडघा काय म्हणतो? काकूंनी पाठवलेलं कळण्याचं पीठ पोचलं. इथं सगळे मजेत आहेत, मी सोडून. मी तीन दिवसांपासून हादरलेला आहे.

आपण घरी बसवून मराठी शिकवलंत म्हणून ठिबकच्या कंपनीत लागलो, हे मी विसरलेलो नाही. (नोकरी अजून कच्चीच आहे. पक्की झाली तरच धुळ्याचे पाहुणे मुलगी देणार, हेही विसरलेलो नाही.) लागल्या लागल्या मी शेतकऱ्यांसाठी पुस्तिका लिहिली. ‘पार्श्ववाहिनीच्या अंत्यबिंदूवरील अवरोधकाचे नियतकालिक विमोचन करून अवसादाचे प्रक्षालन करावे’ या वाक्याला आपणही पोस्टकार्डावर शाबासकी दिली होती. तर परवा चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याची तक्रार आली की नळ्या टाकल्या, पंप चालू आहे, तरी केळीला पाणी नाही. साहेबांनी मलाच पिटाळलं. उन्हानं तापलेल्या एस.टी.तून त्या जीवराम पाटलांच्या घरी पोचलो आणि दारातून आत पाहिलं. माझी पुस्तिका चौरंगावर! लाल फडक्यात, हळद-कुंकू वाहिलेली! रोज आंघोळ करून जीवरामभाऊ एक पान वाचत होते, शेजारपाजारचे हात जोडून ऐकत होते आणि शेवटी गूळ-खोबरं वाटलं जात होतं. सातवा दिवस होता. (काही बायकांचा उपासही होता.)

‘बठ्ठी पोथी वाची काढी भाऊ, पन पानी काही येत नही,’ जीवरामभाऊ म्हणाले. मळ्यात गेलो. केळीची पानं करपायला लागली होती. मी सांगितलं, नळीच्या टोकाची टोपी काढा, गाळ वाहू द्या, परत लावा. त्यांच्या पत्नी सुगंधाबाईंनी टोपी काढली. भसाभसा चिखल आला आणि मग प्रत्येक झाडाशी थेंब पडू लागला. बाईंनी पदराला हात पुसले आणि मला विचारलं, ‘इतलंच व्हतं त मंग तसंच लिखं काब नही?’ नाना, मला लाज वाटली. खरंच वाटली.

परत येऊन एका बैठकीत चार पानांची साधी पुस्तिका लिहिली. मोठ्या साहेबांनी ती उभ्याउभ्या वाचली, खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, ‘अच्छा, हे असं चालतं होय!’ अकरा वर्षं ते ठिबकवर भाषणं देत आहेत. बाहेर कुणी ऐकेल म्हणून मी घाबरून दार लावून घेतलं.

काकूंना नमस्कार.

आपला,
भिकन

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. काल माझ्या नोकरीचा आदेश आला. ‘परिवीक्षाकालाच्या समापनोत्तर आपल्या सेवास्थितीचे यथोचित नियमन वा विसर्जन उक्त आदेशान्वये संपन्न झाल्याचे गृहीत धरावे.’ सात वेळा वाचला. मला ठेवलंय की काढलंय? पुढच्या रविवारी पाहुणे येताहेत. नक्कल सोबत आहे, उलट टपाली कळवा.

पुन्हा ता. क. : ऑफिसात कुणाला विचारता येत नाही. हा मसुदा रुजू झालो त्या महिन्यात मीच घालून दिलेला आहे.