थांब म्हटलं नाही म्हणून

५ मे, दुपार

प्रिय बंड्यास,
ताईचा आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. कारण तसं काही नाही. बर्फाच्या कारखान्याचा ट्रकवाला आमच्याच गल्लीत राहतो आणि रोज तुमच्या बंदरावर बर्फ पोचवतो. म्हटलं, त्याच्या हाती चार ओळी पाठवाव्यात. फोन करणार नव्हतेच. तू उचलला नसतास आणि मग दिवसभर माझी चिडचिड झाली असती.

आई ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. सकाळपासून खिडकीत बसून समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टीका करते. कोणाची चादर नीट पिळलेली नाही, कोणाच्या शर्टाची कॉलर अजून मळकीच आहे. मधेच तुझ्यावर येते. "बंड्या वर्षभर फिरकला नाही, तुमचं काही बिनसलंय का?" मी म्हणते, छे, त्याला वेळ कुठे असतो. तिला अजून ताकास तूर लागू दिलेली नाही.

ऑफिसात नुसती धावपळ. उन्हाळ्याच्या हवामानाचा अंदाज निघाला. यंदाही मीच लिहिला. साहेबांनी दोनदा परत पाठवला. म्हणाले, "बाई, हे वाचून लोकांनी पंखे दुरुस्त करून घ्यावेत, घाबरून गाव सोडू नये." मग मी थोडा मऊ केला. दिवस नेहमीपेक्षा गरम, रात्रीही थंडावा नाही, किनाऱ्यावर वारा मवाळ. वर्तमानपत्राने त्यातलं शेवटचं तेवढं उचललं आणि ठळक मथळा दिला, 'यंदा समुद्र शांत'. खाली आणखी एक परिच्छेद होता, तो त्यांनी छापलाच नाही. आमच्या कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर आहे, तुमच्या बंदरावरच्या फळ्यावरही लावला असेल. येताजाता नजर टाकलीस तर बरं.

बाकी मी काही म्हणत नाही. मागच्या उन्हाळ्यात तूच म्हणालास, यापुढे मला समुद्रातलं काही सांगू नकोस. मी म्हटलं, नाही सांगणार. मी शब्दाची पक्की आहे, तुला माहीत आहे.

बुटकीला सांग, आत्याने विचारलंय. कॉलेजात पहिली येणारी पोरगी आता तुझ्या बोटीवर इंजिनाच्या खोलीत ग्रीस माखून पान्यांशी बोलत बसते, असं वहिनी सांगत होती. ते इंजिन म्हणे तिच्याशिवाय कोणाला दाद देत नाही. बापावर गेलंय म्हणावं, इंजिन.

हंगामाची शेवटची फेरी राहिली असेल ना? जवळच जाणार की लांब? सहज विचारते.

तुझी
ताई


८ मे, सकाळ

बंड्या,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच आणि वाचून होईपर्यंत दोर सोडू नकोस.

आत्ता वहिनीचा फोन येऊन गेला. खुशीत होती. म्हणाली, ताई, तुमचं पत्र यांनी बोटीवर बसून पुन्हा पुन्हा वाचलं, कपड्यांचा भाग तर सगळ्यांना वाचून दाखवला, मग घडी घालून खिशात ठेवलं. आणि काल तू म्हणालास म्हणे, "ताईचं पत्र आलं आणि थांब म्हणाली नाही. म्हणजे पाणी ठीक आहे. उद्या लांब जायचं." वहिनीला वाटलं, बहीणभावाचं मिटलं. ती पलीकडून बोलत असतानाच मी फोन ठेवला.

आपली पद्धत मी विसरलेच होते रे. मला ही नोकरी लागली तेव्हापासूनची. पाण्यात धोका असला की मी तुला फोन करून 'थांब' म्हणायचे. नसला तर फोनच नाही. ताई गप्प म्हणजे बोट सोड. तू आमचं पत्रक आयुष्यात कधी वाचलं नाहीस, माझं गप्प राहणं तेवढं वाचत आलास. मागच्या वर्षी मी थांब म्हटलं, वादळ भलतीकडेच वळलं, बाकीच्या बोटी भरून परत आल्या आणि तू बोट बांधून बसलास. बंदरात लोक म्हणाले, याची बोट बहिणीच्या पदराला बांधलेली आहे. ते तुला लागलं. मग तू मला जे बोललास ते मला लागलं. तेव्हापासून मी रागाने गप्प आहे. आणि तू माझ्या रुसव्याला हिरवा कंदील समजून बसलास. आपल्या दोघांच्या अकलेला काय म्हणावं.

मी लगेच तुला फोन लावला. बंद. पुन्हा वहिनीला फोन करून म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "माझं ऐकतील का ते? मला घाबरट म्हणून मोकळे होतील. तुमच्या हातचं काहीतरी द्या, ते नाकासमोर धरते त्यांच्या." म्हणून लिहिते आहे. ट्रकवाला दारात उभा आहे, त्याचा बर्फ वितळतोय आणि तो माझ्याकडे बघून सुस्कारे सोडतोय.

तर तो छापला न गेलेला परिच्छेद. यंदा समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा बरंच तापलेलं आहे आणि हंगामाच्या शेवटी वादळ उठण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त आहे. एवढंच लिहिलंय. त्याचा अर्थ मी सांगते. तापलेल्या पाण्यावर वादळाला वाढायला वेळ लागत नाही. आज साधे ढग दिसतात, उद्या ते अंगावर असतं. आमचा इशारा निघाला की जवळच्या बोटी घर गाठतात. लांबच्यांना तो ऐकूच येत नाही. तुझा रेडिओ कुठवर पोचतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि वारा मवाळ म्हणजे सगळ्या उन्हाळ्याचा मिळून मवाळ. एका वाईट दिवसाबद्दल त्यात काही नसतं.

आता जे तुला सांगायचं टाळत होते ते. आज नकाशावर काहीही नाही. पाटी कोरी आहे. या फेरीत वादळ येईलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, पूर्ण उन्हाळ्याच्या अंदाजावरून एका बोटीला थांबवता येत नाही." बरोबर आहे त्यांचं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणूनच मागच्या पत्रात शेजाऱ्यांचे कपडे लिहीत बसले. पुन्हा थांब म्हणायचं, पुन्हा काही आलं नाही, तर तू कायमचा तुटशील, ही भीती. हे एक वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत.

वर मोठं खोडलेलं दिसेल. तिथे लिहिलं होतं, बुटकीला तरी किनाऱ्यावर ठेव. मग लक्षात आलं, त्याचा अर्थ तू एकटा गेलास तर मला चालेल असा होतो. मला तेही चालणार नाही. म्हणून खोडलं.

आईला आत्ता सगळं सांगितलं, भांडणासकट. ती रडेल असं वाटलं होतं. तिने डोळे वटारले आणि म्हणाली, "मग त्या पत्रात काय हवापाण्याच्या गप्पा मारत बसलीस? मोठी आहेस ना त्याच्याहून? थांब म्हण."

तर थांब.

हे आमच्या खात्याचं म्हणणं नाही. त्यावर कोणाचा शिक्का नाही. हे फक्त मी म्हणते आहे. शेवटची फेरी सोड असंही म्हणत नाही. जवळच्या पाण्यात जा, जिथे रेडिओ ऐकू येतो, जिथून दिवसाउजेडी परत फिरता येतं. मासळी कमी लागेल. लोक पुन्हा हसतील, आणि आपले खलाशी तोंडावर नाही तर पाठीमागे कुरकुरतील. आभाळ बहुतेक स्वच्छच राहील आणि तू भर बंदरात मला शिव्या घालशील. घाल. मी रजा काढून येते आणि समोर उभी राहून ऐकून घेते.

आणि यापुढे माझ्या गप्प राहण्याचा काही अर्थ काढायचा नाही. फोन करून विचारायचं. बोलत नसलो तरी विचारायचं.

माझा अंदाज खोटा ठरावा, अशी मनापासून इच्छा असलेली
तुझी ताई