सर, मी पुढे गेले

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही. समोर असतात तर दुसऱ्याच वाक्याला "विषय संपला" म्हणून तुम्ही चहा मागितला असतात, आणि तो मीच उठून आणला असता. तेव्हा आज मधे बोलायचं नाही. मागच्या आठवड्यात बँकेतल्या दोघी मैत्रिणींबरोबर बदामीला गेले होते. तिथल्या लाल कातळावर मी पहिल्यांदा लीड केलं. म्हणजे पुढे गेले. मी, पन्नाशीला आलेली, चष्मेवाली, तुमची दोर धरणारी.

दर रविवारी शाळेच्या गिर्यारोहण मंडळाची आम्ही पोरं सायकली हाणत वारज्याच्या मागच्या टेकडीवर यायचो. आता तिथे सोसायट्या आहेत. तेव्हा ज्वारी होती आणि टेकडीच्या पोटात एक सोडून दिलेली दगडाची खाण. तुम्ही कातळाला हात टेकून उभे आहात, आज पुढे कोण जाणार ते बोट दाखवून ठरवता आहात. पुढे जाणारा दोर स्वतःबरोबर खालून वर नेतो, वाटेत कातळात ठोकलेल्या खिळ्यांना अडकवत जातो. सटकला तर शेवटच्या खिळ्याच्या वर जितका गेला असेल तितकाच त्याच्या खाली येतो, आणि मग त्याला थांबवायचं काम खाली कमरेभोवती दोर घेऊन बसलेल्याचं. तिथे कायम मी. एकदा धीर करून विचारलं, "सर, आज मी पुढे जाऊ?" तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. "तू पुढे गेलीस तर धरणार कोण? ही पोरं? यांना स्वतःच्या चड्ड्या धरता येत नाहीत." सगळे हसले. मीही हसले. किती छान वाटलं होतं मला! त्या वर्षी वाढदिवसाला तुम्ही मला चामड्याचे हातमोजे दिलेत, दोरानं हात सोलू नयेत म्हणून. अख्ख्या मंडळात फक्त मला. मी ते उशाशी घेऊन झोपले होते.

सर, त्या कौतुकानं मला खाली बसवून ठेवलं. तुम्ही मुद्दाम केलंत असं म्हणत नाही. मुद्दाम केलं असतंत तर राग धरणं सोपं गेलं असतं. तुम्हाला खरंच वाटायचं की मुलींनी सांभाळावं आणि मुलग्यांनी धडपडावं. मीही ते मुकाट मानलं. पुढे सासरी तेच, बँकेत तेच. "तू आहेस म्हणून आम्हाला काळजी नाही" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. कुणी मला विचारलं नाही की तुला कुठे जायचंय, आणि खरं सांगते, मला त्याचा अजून संताप येतो.

बदामीला जिनं दोर धरला ती मैत्रीण माझ्या लेकीच्या वयाची. आधी तिनं मला वरून बांधलेल्या दोरावर चढवून घेतलं, मग दोराचं टोक माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, हा रूट तू लीड कर. बिले मी देते, खालून दोर मी धरते."

"अगं, तू जा. मी धरते ना."

"ताई, चिल! सगळ्यांना धरून झालंय तुझं."

मी चढते आहे. कातळात ठोकलेल्या खालच्या लोखंडी कड्यांमध्ये दोर नीट अडकला, पण पुढच्या कडीपर्यंत हात पुरत नाही. चवड्यांवर उभी राहून दोर वर ओढते आणि पाय सटकतो. पडले, सर. पट्टा कमरेला काचला आणि मी थांबले. खाली दोर धरलेली ती माझ्या वजनानं जमिनीवरून हातभर उचलली गेली होती. धरणार कोण, असं विचारलं होतंत ना? ही. अंगानं काडी, नखांना निळं पॉलिश. "ताई, ओके ना? खाली घेऊ?" बराच वेळ तशीच लोंबकळत राहिले. मग म्हटलं, "नको. जाते वर." आणि गेले. त्या कडीत दोर अडकवला, तिच्या पुढच्या कडीतही, आणि जिथे रूट संपतो त्या माथ्याजवळच्या साखळीला हात लागल्यावर असली ओरडले की खालची माकडं पळाली.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. पुढचं वाचून तुम्ही उगाच खूश झाला असतात. त्या पोरीलाही हे सांगितलेलं नाही. लोंबकळत गप्प राहिले तेव्हा मी तुमच्या आवाजाची वाट बघत होते. तुम्ही खाली उभे असतात आणि "उतर" म्हणाला असतात, तर सर, मी उतरले असते.