गोळ्या तू बंद केल्या

अनुप,

प्रियदर्शनीला आन् बाळाला घेऊन मी बारामतीला तिच्या डॉक्टरबाईंकडं चालले. शेजारची अनिता गाडीनं सोडती. तिनंच मला मोबाईलवर तुझा व्हिडिओ दाखवला.

वीस दिवसांची बाळंतीण. चार दिवस डोळ्याला डोळा न्हाय, भिंतीशी बोलती, बाळ आपलं न्हायच म्हणती. आन् तिला धरायचं सोडून तू शूटिंग घेतलंस? वर भावकीच्या ग्रुपवर टाकून लिहिलंस, 'हिच्यासंगं कसं नांदायचं?' खाली लोकांनी हसायची चित्रं टाकल्यात.

पोटुशी असली तरी डोक्याच्या गोळ्या चालूच ठेवा, असं डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर सांगितलं हुतं. सातव्या महिन्यात तू घरी येऊन म्हणालास, "त्यांनीच बंद करायला सांगितल्यात." आमी दोघींनी इश्वास ठेवला. आज फोनवर बाई म्हणाल्या, "मी असं कधीच सांगितलं नाही. लगेच घेऊन या, ॲडमिट करावं लागेल."

माझ्या पोटचा हायस, ह्याची किळस येती.

डाळ-भात झाकून ठेवलाय. शेरडांना पाणी पाज. बाळ माझ्यापाशीच राहील.

निघताना तिला विचारलं, "अनुपला काय लिहू?" ती म्हणाली, "बाळाला मी काय केलं न्हाय, एवढं लिहा."

तिचं लिहिलं. आता तो व्हिडिओ काढ आन् त्याच ग्रुपवर तू लिही, गोळ्या मी बंद केल्या म्हणून. ते लिहिल्याबिगर दवाखान्यात तोंड दाखवू नगंस.

आई