फक्त कोरड्या फडक्याने

रविवार, १४ सप्टेंबर. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. तुमच्या टेबलाखाली पालथा पडून एक स्क्रू शोधत होतो, तो आत्ता सापडला, म्हणून लिहायला बसलो.

तीर्थस्वरूप मामा,

कपाळ फरशीला टेकवून नमस्कार. (खरोखर टेकलं होतं. स्क्रू टेबलाच्या मागच्या पायाशी होता.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? ताईच्या घरचं पाणी तुम्हांला मानवलं का? आणि चष्म्याची डबी नीट बंद होते ना? प्रवासात डब्यांची झाकणं सैल होतात, म्हणून आपलं विचारलं. इकडे सर्व ठीक आहे. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालतो. दाराला दोन्ही कुलपं लावतो, आणि लावल्यावर ओढून पाहतो, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढून पाहतो. फोन न करता पत्र का लिहितो हे तुम्हांला ठाऊकच आहे. फोनच्या बटणांवर झाकण आहे, झाकणाला कुलूप आहे आणि किल्ली तुमच्या खिशात आहे. माझी तक्रार नाही. ज्या माणसाने तीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलं तो घर उघडं टाकून कसा जाईल? जाताना तुम्ही रेडिओतले सेल काढून नेलेत, इस्त्रीची वायर नेलीत, सायकलच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्हसुद्धा नेलात. त्यामुळे मी चुरगळलेल्या शर्टात पायी कामावर जातो, बातम्या शेजाऱ्यांच्या भिंतीतून ऐकतो, पण घर सुरक्षित आहे.

आता संगणकाविषयी. (हा शब्द लिहायच्या आधी पेन दोनदा पुसलं, म्हणून अक्षर बिघडलेलं नाही.) तुमची आज्ञा अशी होती : दर रविवारी पुसावा, फक्त कोरड्या फडक्याने, फक्त बाहेरून, आणि पुसून झाल्यावर खोलीतून बाहेर पडावं. ३१ ऑगस्टच्या रविवारी मी तसंच केलं. फडकं नवं घेतलं, दोनदा झटकलं. पडद्यावरून सुरुवात करून खाली येत असताना फडकं त्या गोल बटणावरून गेलं. बटण फडक्याखाली आपोआप दाबलं गेलं. मशीन गुरगुरलं, पंखा फिरला, आणि आतून एक लांब शिट्टी आली. मग थोडं थांबून दुसरी. मग तिसरी. पडदा काळाठिक्कर. मी खोलीतून बाहेर पडलो, कारण आज्ञा तशी होती, पण शिट्ट्या माझ्यामागे स्वयंपाकघरापर्यंत आल्या.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते केल्याशिवाय माझी भीती तुम्हांला कळणार नाही. आमच्या पाट्यांच्या दुकानात मालक अक्षरं कापायचं यंत्र आणणार आहेत. संगणकावर अक्षरं टाईप केली, की ते यंत्र ती चिकटकागदातून कापून देतं. ब्रश संपला. यंत्रापुढे एकच जण बसणार, मी किंवा मालकांचा मेहुणा, आणि दुसऱ्याने जन्मभर शिडी धरायची. तीस तारखेला मालक दोघांनाही एकेक पाटी टाईप करायला सांगणार आहेत. मेहुण्याने परवा एका दवाखान्याच्या पाटीवर ‘वेळ’ हा शब्द ‘वेल’ असा रंगवला आणि डॉक्टरीणबाईंना वाटलं, बागकामाची जाहिरात आहे. पण त्याच्या घरी संगणक आहे, आणि तो कुलपात नाही. मी नववीत शाळा सोडलेला, माझ्याजवळ अक्षराशिवाय काय आहे? मागे एकदा तुमच्याकडे शिकायचा विषय काढला होता, तेव्हा तुम्ही माझ्या नखांतल्या रंगाकडे पाहून संगणकावर कापड टाकलंत. ती गोष्ट मी विसरलो आहे. फक्त संदर्भासाठी लिहिली.

तर, तुम्ही येण्याआधी मशीन बरं व्हावं म्हणून मागच्या शनिवारी, सहा तारखेला, मी ते चादरीत गुंडाळून, आमच्या शिडीच्या हातगाडीवर घालून, तुमच्या शनिवारच्या मंडळाकडे नेलं. सर्वेअरकाकांच्या गच्चीवरच्या खोलीत तिघंही होते. तुमची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. (सर्वेअरकाका तिच्यावर पाय ठेवतात, पण चपला काढून.) मशीन टेबलावर ठेवल्यावर पहिला पाऊण तास ते सोडून सगळ्या विषयांवर बोलणं झालं : कुणाचा गुडघा कोणत्या जिन्यावर दुखतो, पेन्शनच्या रांगेत कोण घुसलं, आणि पूर्वी कॅसेटवरून संगणक सुरू व्हायचा तेव्हा माणसं कशी धीराची होती. मग दातांच्या डॉक्टरांनी शिट्टी ऐकली, डोळे मिटले आणि मला विचारलं, ‘‘कधीपासून दुखतंय?’’ त्यांनी डबा उघडून आपला लहान आरसा आत घातला. अँटेनाकाका (हे नाव त्यांना उंचीमुळे आणि बातम्यांमुळे मंडळानेच दिलं आहे, समोर मी नुसतं काका म्हणतो) म्हणाले की दोष करंट देणाऱ्या पेटीचा आहे. सर्वेअरकाका म्हणाले की तो मुख्य पाटीचा आहे, आणि ती वाकडी बसली आहे हे त्यांना नुसत्या नजरेने दिसतं.

मंडळाची तपासायची पद्धत तुम्ही जाणताच. तुमच्या मशीनचा भाग काढून माझ्यात घालायचा, माझा तुमच्यात घालायचा. माझं मेलं तर तुमचा भाग खराब. त्या संध्याकाळी डॉक्टर आणि अँटेनाकाका घरून आपापली मशीनं रिक्षात घालून घेऊन आले, आणि तासाभरात खोलीत चार डबे उघडे पडले. कुणाचं काय कुठे हे कुणालाच सांगता येईना. मी घाबरून खिशातला बारीक ब्रश काढला आणि तुमच्या डब्यातून निघेल त्या प्रत्येक भागावर पांढऱ्या रंगात ‘मामा’ असं लिहीत गेलो. अक्षर सुबक आलं आहे. पंख्यावर विशेष.

शेवटी सगळं परत बसवताना अँटेनाकाकांनी तुमच्या मुख्य पाटीवर बोट फिरवलं आणि ते थांबले. मेमरीच्या पट्टीसाठी चार खाचा होत्या, आणि चारही रिकाम्या. मेमरीशिवाय मशीन शिट्टीच मारणार.

‘‘मेमरी कुठाय याची?’’

‘‘कुणीतरी काढली असेल तपासायला,’’ सर्वेअरकाका म्हणाले.

‘‘कुणीतरी म्हणजे?’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘म्हणजे असं, डॉक्टर, की आज तुझं मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. जन्मात झालं नव्हतं.’’

‘‘आणि माझा छोटा पेचकस दोन वर्षांपूर्वी तुझ्या हत्यारांच्या पेटीत आंघोळीला उतरला, तो अजून वर आलेला नाही.’’

यावर अँटेनाकाका म्हणाले की तुम्ही दोघं गावात असताना चोरांनी खायचं काय, आणि मग दोघंही त्यांच्यावर उलटले. सगळ्या पट्ट्या एकाच घाटाच्या, हिरव्या, एका कडेला सोनेरी. ‘मामा’ लिहिलेली एकही नाही, कारण मी डब्यातून निघालेल्या भागांवर लिहीत होतो आणि ही निघालेलीच मला दिसली नव्हती. तिघांनी माझ्याकडेही एकदा पाहून घेतलं. चहा तसाच राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा मंडळ वेळेआधी उठलं, आणि सर्वेअरकाकांनी खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवल्या, तुमचीसुद्धा.

मामा, त्या रात्री मशीन हातगाडीवरून घरी परत आणलं, पण मला झोप लागली नाही. तिघं म्हातारे माझ्या एका फडक्यापायी तुटले.

सोमवारी सर्वेअरकाका दुकानात आले. पाटीचा भाव विचारायचं निमित्त केलं, आणि मालक आत गेल्यावर माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत मेमरीची पट्टी. ‘‘मी घेतली नव्हती, ही माझी स्वतःची आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मामाच्या मशीनमध्ये घाल आणि टेबलाखाली सापडली म्हणून सांग. मोडायला नको रे मंडळ. त्या दोघांना कळू देऊ नकोस.’’ मी शपथ घेतली. बुधवारी डॉक्टरांनी दवाखान्यात बोलावलं, खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि तेच सगळं सांगून पट्टी माझ्या खिशात सरकवली. तोंड उघडं असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. गुरुवारी अँटेनाकाका कोपऱ्यावर भेटले. त्यांनी आपली पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती आणि बोलताना ते आभाळाकडे बघत होते. तिघांपुढेही मी वेगवेगळी शपथ घेतली. ती मोडता येत नाही म्हणून तिन्ही पट्ट्या तुमच्याच मशीनमध्ये घातल्या. ते आता उडतं.

काल शनिवारी मंडळ पुन्हा भरलं. मी सांगितलं, पट्टी टेबलाखाली सापडली. तिघांनी माझ्याकडे एकाच वेळी, एकाच तऱ्हेने, मोठ्या मनाने मान हलवली. पेचकस त्या पेटीतून निघाला आणि डॉक्टरांनी तो न पुसता खिशात घातला, म्हणजे राग गेला. फक्त या वेळी कुणीही आपलं मशीन आणलं नाही, की सुरू केलं नाही. सर्वेअरकाका म्हणाले, इथल्या सॉकेटला करंट नाही. डॉक्टर म्हणाले, हल्ली डोळ्यांना ताण नको वाटतो. अँटेनाकाका म्हणाले, माणसाने कधी नुसतंही बसावं. मग नुसत्या गप्पा झाल्या, आणि फार छान झाल्या.

तर असं आहे. मशीन सुस्थितीत आहे, घर जागेवर आहे, माझं काही मागणं नाही. तुमची मूळ पट्टी कुठे गेली याचा मात्र शोध लागलेला नाही. मी कुणावर संशय घेत नाही. मामीला नमस्कार, ताईच्या बाळाला पापा.

तुमचा आज्ञेतला,
भाचा

ता. क. आज्ञेतला हा शब्द लिहून झाल्यावर बरं वाटेना. बटण फडक्याने दाबलं गेलं नव्हतं. बोटाने दाबलं. बोट मात्र कोरडं होतं.

आणखी ता. क. हे पत्र आधी तुमच्या संगणकावर टाईप केलं आणि मग पडद्याकडे बघत हाताने उतरवून काढलं, कारण प्रिंटरची वायरही तुमच्याकडे आहे. गुरुवारपासून रोज तासभर सराव करतो आहे. ‘ज्ञ’ सापडला. ‘ऋ’ अजून सापडायचा आहे.

शेवटचा ता. क. फोनला कुलूप असलं तरी आलेला फोन घेता येतो. शुक्रवारी संध्याकाळी मामीचा आला होता. कुंड्यांची चौकशी झाल्यावर ती म्हणाली, ‘‘अरे, तुझ्या मामांना काय झालंय कळत नाही. रोज झोपताना चष्म्याच्या डबीतून एक हिरवा कंगवा काढतात, सोनेरी दातांचा. त्याला फुंकर मारतात आणि परत ठेवतात. डोक्यावर केस चार, आणि मला हातसुद्धा लावू देत नाहीत.’’

मी मामीला म्हटलं, जपून ठेवायला सांग.

मामा, संगणकाची नुसती वायर नेली असतीत तर मी दुकानातून दुसरी आणली असती, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. मी कुणालाही काही बोललेलो नाही. तुमचे तिन्ही मित्र आपलं मशीन मेलेलं ठेवून तुमचं जगवताहेत आणि आपणच तेवढे थोर अशा समजुतीत आहेत, त्यांचं सुख मी का मोडू? पुढच्या रविवारी तुम्ही आलात की तुमचा कंगवा तुमच्या खाचेत बसवू आणि त्यांचे मी एकेकाला गुपचूप पोचते करीन. पट्ट्यांच्या पाठीवर बारीक अक्षरात नावं घातली आहेत. माझी विनंती एवढीच की तीस तारखेपर्यंत रोज एक तास मला तुमच्या शेजारी बसू द्यावं आणि ‘ऋ’ कुठे आहे ते दाखवावं. हात मी रॉकेलने धुऊन येईन. नाही म्हणालात तरी माझं काहीच म्हणणं नाही. फक्त अँटेनाकाका रोज कोपऱ्यावर विचारतात, मामांकडची काय खबर, आणि मला खोटं बोलता येत नाही, हे तुम्ही वरच्या पहिल्या ता. क.मध्ये पाहिलंच आहे.

हिशोब :
नवं फडकं, आठ. रिक्षा (मशीनं परत पोचवताना काकांजवळ सुटे नव्हते), चाळीस. पांढरा रंग, दुकानातला, पाच. दाढ भरणे, शून्य (तोंड उघडंच होतं म्हणून डॉक्टरांनी भरून टाकली). एकूण त्रेपन्न, हे माझ्याकडून, परत नकोत.
देणं : मंडळाला कंगवे तीन.
येणं : तुमच्याकडून कंगवा एक, रोज तास एक, आणि जमल्यास सायकलचा व्हॉल्व्ह.