अफिफाच्या वाट्याचं बोलणं

रोहा

फहादभाई,

अस्सलामु अलैकुम. मस्कतला तुझं बरंच चाललं असेल, म्हणून विचारत नाही.

गेल्या सुट्टीत तू आपल्या अफिफाच्या प्रशिक्षण केंद्रात बैठकीला आलास, अत्तर लावून. तिनं पुढं कसं जगायचं, हे तिच्याच मनानं ठरवायचं होतं. केंद्राच्या दिपिकाताईंनी तिला विचारलं, "अफिफा, तुला काय करावंसं वाटतं?" उत्तर तू दिलंस. "तिची अक्कल लहान पोराची. घरात बसेल, टीव्ही बघेल." सव्वीस वर्षांची बहीण शेजारी बसली होती आणि तू तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाहीस. एवढ्या अकलेवर कंपनीनं तुला सुपरवायझर केलंय, याचं मला नवल वाटतं.

मग तुझा फोन वाजला आणि तू बाहेर गेलास. तेवढ्यात ती बोलली. "मला पेणला पोह्यांच्या गिरणीत काम करायचंय. गाडीनं एकटी जाणार."

ताईंनी विचारलं, "पुढच्या बैठकीला कोण हवं?"

"उमामा. भाई नको."

"का गो?"

"तो माझ्या वाट्याचं बोलतो."

गिरणीत तिला काम मिळालं. महिनाभर मी तिच्यासोबत पेणला जात होते. या सोमवारपासून ती एकटी जाते.

हे तुला कळवावं म्हणून लिहायला बसले आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नको धाडू गो. माझं हाय, मीच सांगेन. मनात येईल तेव्हा."

म्हणून धाडत नाही. तू थांब.

अफिफाची बहीण,
उमामा